भिडू पाहिजेत : छोट्या खेळांना माणसं कशी मिळाली?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'काय ना' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आपण एरवी किल्ले, पेठा, रेल्वे, गिरण्या असल्या गोष्टींचा इतिहास बोलतो. आज खेळाचा बोलू. त्यातही खेळापेक्षा भिडूंचा जास्त.

विषय कसा निघाला ते सांगतो. मी जळगावात राहतो आणि टेबलावर बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम खेळतो. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. बहुतेक खेळांत एक जण पंच असतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. तो सांगतो, "तुम्ही गावाच्या वेशीवर आहात, समोर दार बंद आहे, काय करता?" तुम्ही सांगायचं, मी दार ठोठावतो, मी भिंतीवरून चढतो, मी परत जातो. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकायचे. बस, एवढंच. यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा सगळ्यात मोठा खेळ, त्याचं नाव तुम्ही 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेमुळे ऐकलं असेल. पण त्याच्यापलीकडे शेकडो छोटे खेळ आहेत. एकट्या-दुकट्या माणसाने लिहिलेले, स्वतःच छापलेले किंवा पीडीएफ करून विकलेले, कधी चाळीस पानांचे तर कधी एकाच पानाचे. माझा जीव या छोट्या खेळांत अडकलाय.

आणि या छोट्या खेळांची मोठी अडचण म्हणजे भिडू. खेळ मिळतो, फासे मिळतात, नाही मिळाले तर मोबाइलवर टाकता येतात. माणसं मिळत नाहीत. धुळ्याहून, चोपड्याहून, भुसावळहून मला ज्या ज्या लोकांनी यावर विचारलं, त्या सगळ्यांचं म्हणणं एकच : "पुण्यात असतो तर जमलं असतं." माझ्या स्वतःच्या टेबलावर आज चार जण आहेत, त्यातले दोघं जूनमध्ये शिकायला पुण्याला जाणार. म्हणजे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा नाही. जूननंतर टेबल राहणार की नाही, असा तो आहे.

म्हणून मी इतिहासात शिरलो. पहिल्यांदा ज्यांनी हे खेळ बनवले, त्यांना भिडू कुठून मिळाले? तेव्हा तर हा खेळ कोणालाच माहीत नव्हता. 'पुणे'सुद्धा नव्हतं.

सात माणसं आणि एक पोस्टमन

सुरुवात १९५९ पासून करू. अमेरिकेत अॅलन कॅलहॅमर नावाच्या तरुणाने 'डिप्लोमसी' नावाचा खेळ बनवला होता. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू. यात फासे नाहीत. आधी सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं, वचनं द्यायची, कट करायचे. मग प्रत्येकाने आपले हुकूम कागदावर लिहायचे आणि सगळे कागद एकदम उघडायचे. कोणी शब्द पाळला, कोणी पाठीत सुरा खुपसला, ते तेव्हा कळतं.

मोठ्या कंपन्यांनी खेळ नाकारला. मग कॅलहॅमरने स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. आजच्या भाषेत हा 'छोट्या प्रकाशनाचा' खेळच झाला. पण आता गंमत बघा. खेळाला सात माणसं लागतात, आणि डाव बसला की तासन् तास चालतो. सात मोठी माणसं, एक अख्खा दिवस, एका खोलीत. लग्नकार्य सोडलं तर आपल्याकडेही हे जमत नाही.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमनने यावर उपाय काढला. हुकूम कागदावरच लिहायचे आहेत ना, मग कागद पोस्टाने पाठवू. त्याने 'ग्राउस्टार्क' नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. खेळाडू वेगवेगळ्या गावांतून हुकूम पाठवायचे, बोर्डमन ते एकत्र करून निकाल छापायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. मधल्या काळात खेळाडू एकमेकांना पत्रं लिहून कट करायचे. खोलीची अट गेली, दिवसाची अट गेली. एका गावात सात भिडू नसतील, पण देशात सात नक्की होते. पुढे अशी पत्रकं पुष्कळ निघाली. आणि कॅलहॅमर स्वतः? तो पुढे इलिनॉयमधल्या आपल्या गावात पोस्टमन झाला. ज्याच्या खेळाला टपालाने तारलं, तो स्वतःच टपाल वाटत होता.

यातून पहिली गोष्ट कळते. भिडू मिळत नाहीत तेव्हा माणसं शोधण्याआधी खेळाच्या अटी तपासायच्या. त्यातली कोणती अट खरंच खेळाची आहे आणि कोणती नुसती सवयीची, ते बघायचं.

'प्रतिस्पर्धी पाहिजेत'

दुसरा धागा युद्धखेळांचा. चार्ल्स रॉबर्ट्सने १९५८ मध्ये अॅव्हलॉन हिल ही कंपनी काढली. नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, लढाई असे तिचे खेळ. हे खेळ घेणारी माणसं देशभर विखुरलेली. एका गावात एक, दुसऱ्या गावात दीड. कंपनीने १९६४ मध्ये 'द जनरल' नावाचं द्वैमासिक सुरू केलं आणि त्यात एक सदर होतं, 'प्रतिस्पर्धी पाहिजेत'. चार ओळींची जाहिरात. नाव, पत्ता, कोणता खेळ, पोस्टाने खेळणार की समोर बसून.

मला हे सदर आपल्या वर्तमानपत्रातल्या 'वधू पाहिजे'सारखं वाटतं. कोणी मोठा लेख लिहीत नाही. मी इथे आहे, मला हे पाहिजे, एवढंच सांगायचं. या सदरातून ओळखी झाल्या, ओळखींतून क्लब झाले, क्लबांतून देशभरची संघटना उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांत गॅरी गायगॅक्स नावाचा एक विमा कंपनीतला नोकरदार होता. तो राहायचा विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावात.

आता इथे जरा थांबू. लेक जिनिव्हाची लोकसंख्या १९७० च्या सुमाराला पाच हजारांच्या आतबाहेर होती. पाच हजार! आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. अमळनेर एक लाखाच्या किंचित आत. म्हणजे ज्या गावातून हा सगळा प्रकार निघाला, ते आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा कितीतरी लहान. बाजाराच्या मोठ्या खेड्याएवढं म्हणा.

त्या गावात १९६८ च्या ऑगस्टमध्ये गायगॅक्सने हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि सगळ्या हौशी लोकांना बोलावलं. शंभरेक माणसं आली. हेच पहिलं 'जेन कॉन', जे आज हजारोंच्या गर्दीने भरतं. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, तिथेच त्याला डेव्ह आर्नेसन भेटला. आर्नेसन मिनेसोटातला, म्हणजे पाचशे किलोमीटरहून लांबचा. जळगावहून मुंबई गाठायची आणि वर शंभरेक किलोमीटर पुढे जायचं, असं अंतर. वर्षातून एकदा भेट, बाकी पत्रं आणि फोन.

खोलीत जास्त माणसं आली, मग काय?

तिकडे मिनेसोटात, मिनियापोलिस-सेंट पॉलच्या जोडशहरांत, युद्धखेळ खेळणाऱ्यांचा एक गट होता. त्यात डेव्हिड वेस्ली होता. त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स टॉटनचं १८८० मधलं 'स्ट्रॅटेगोस' हे लष्करी खेळाचं पुस्तक सापडलं. त्यातली एक कल्पना त्याला आवडली : खेळाडू जे म्हणेल ते करून बघू शकतो, ते जमलं की नाही हे पंच ठरवेल.

१९६९ मध्ये वेस्लीने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला, गावाचं नाव ब्राउनस्टाइन. लढाईचे सेनापती दोन. पण खेळायला माणसं जास्त. मग त्याने बाकीच्यांना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. झालं असं की लढाई बाजूलाच राहिली. लोक कोपऱ्यात जाऊन कट करू लागले, एकेक जण पंचाला बाजूला घेऊन "मी असं केलं तर?" विचारू लागला. वेस्लीला वाटलं, डाव फसला. खेळाडूंना वाटलं, पुन्हा कधी?

आर्नेसन त्याच खोलीतला. त्याने १९७१ मध्ये हीच रीत घेऊन 'ब्लॅकमूर' सुरू केलं, किल्ल्याखालची तळघरं, राक्षस, जादू. १९७२ च्या अखेरीला तो लेक जिनिव्हाला आला आणि गायगॅक्सला ते खेळवून दाखवलं. गायगॅक्सने लगेच स्वतःचं एक तळघर आखलं. त्याचे पहिले भिडू कोण? त्याचीच दोन मुलं. मग गावातले मित्र. १९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं गेलं, फक्त १००० प्रती. खोकी घरच्या घरी भरली. किंमत १० डॉलर. वर्ष व्हायच्या आत प्रती संपल्या.

म्हणजे बघा. एका मोठ्या खेळाचा जन्म 'भूमिकांपेक्षा माणसं जास्त झाली' या अडचणीतून झाला, आणि त्याचे पहिले भिडू घरातून मिळाले. घरच्यांना, शेजाऱ्यांना बसवायला आपण का लाजतो, कळत नाही. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव पडतात, तेव्हा मामा-भाचे-मेहुणे सगळे बसतातच की. लहान पोराला घेतो, तेव्हा त्याला 'लिंबूटिंबू' म्हणतो. त्याच्यावर राज्य नाही, तो नुसता सोबत. हा लिंबूटिंबू फार कामाचा माणूस आहे. आजचा लिंबूटिंबू पुढच्या वर्षी पक्का भिडू होतो.

पन्नास खेळाडूंचा हिशेब

त्या १९७४ च्या पुस्तिकेत एक आकडा आहे, जो आज वाचताना धक्का देतो. एका मोहिमेत किती खेळाडू? किमान एक पंच, आणि चारपासून पन्नासपर्यंत खेळाडू. पन्नास! आज आपण म्हणतो, पाच पक्के लोक हवेत, दर आठवड्याला तेच पाच, कोणी गैरहजर नको. आणि मग त्यातल्या एकाची परीक्षा, दुसऱ्याचं लग्न, तिसऱ्याची कांदा काढणी, की डाव बंद.

सुरुवातीच्या लोकांचा हिशेब असा नव्हता. पन्नास म्हणजे एका वेळी पन्नास नव्हेत. पन्नासांचं एक वर्तुळ असायचं, आज जे आले ते तळघरात उतरले, उद्या दुसरे. जग तेच, पंच तोच, माणसं बदलती. पुढे ही रीत मागे पडली. ती पुन्हा स्पष्ट मांडली बेन रॉबिन्स या लेखकाने, २००७ मध्ये. त्याच्या 'वेस्ट मार्चेस' या मोहिमेत डझनभर खेळाडू होते, ठरलेला वार नव्हता, आणि कधी खेळायचं, कुठे जायचं, कोण येणार हे खेळाडूंनीच ठरवायचं. पंच बोलावत नव्हता, खेळाडू त्याला बोलावत होते. हाच रॉबिन्स पुढे 'मायक्रोस्कोप' हा छोटा खेळ लिहितो, ज्यात पंचच नाही.

शंभर प्रतींचा खेळ आणि एकट्याचा डाव

१९७५ मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात केन सेंट आंद्रे या ग्रंथपालाला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची कल्पना आवडली, नियम मात्र फार किचकट वाटले. त्याने स्वतःचा खेळ लिहिला, 'टनेल्स अँड ट्रोल्स', आणि १०० प्रती छापून घेतल्या. पुढे तो रिक लूमिसच्या 'फ्लाइंग बफेलो' या कंपनीने काढला. लूमिसचा धंदा मुळात पोस्टाने खेळ चालवण्याचा, म्हणजे ज्यांच्या गावात भिडू नाहीत अशी माणसं त्याला चांगली माहीत होती. १९७६ मध्ये त्याने 'बफेलो कॅसल' लिहिलं. पंच नाही, सोबती नाही. परिच्छेद वाचायचा, काय करायचं ते निवडायचं, सांगितलेल्या पानावर जायचं. एकट्याने खेळायची पहिली छापील मोहीम.

लंडनमध्ये तोच काळ. इयान लिव्हिंगस्टन आणि स्टीव्ह जॅक्सन हे दोन मित्र 'आउल अँड वीझल' नावाचं साधं पत्रक काढत होते. त्याचा एक अंक अमेरिकेत पोचला, उत्तरादाखल 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं, आणि त्यांनी सहा प्रती मागवल्या. अख्ख्या युरोपात हा खेळ पसरायची सुरुवात सहा प्रतींची. त्याच दोघांनी १९८२ मध्ये 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' लिहिलं, तेही एकट्याने खेळायचं पुस्तक. शाळकरी पोरांनी ते लाखोंनी घेतलं. एकट्याने खेळायचं पुस्तक वाचून कित्येक पोरांना पुढे चौघांत खेळावंसं वाटलं. म्हणजे एकट्याचा डाव हा भिडूंना पर्याय होता, तसाच भिडू तयार करायचा रस्ताही होता.

मोठा खेळ आला, छोट्यांची पंचाईत झाली

आता उलटी बाजू. एक खेळ फार मोठा झाला की बाकीच्यांचे भिडू तोच ओढून घेतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला शिकलेल्या माणसाला वाटतं, शिकायला कष्ट पडले, आता पुन्हा नवीन नियम कोण शिकणार? ही तक्रार जगभर आहे, जळगावपुरती नाही.

२००१ मध्ये रॉन एडवर्ड्स आणि क्लिंटन निक्सन यांनी 'द फोर्ज' नावाची जागा इंटरनेटवर सुरू केली. तिथे 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ ठरला : ज्याने लिहिलं, त्याच्याच मालकीचा खेळ. एडवर्ड्सचा 'सॉर्सरर', पॉल चेगेचा 'माय लाइफ विथ मास्टर', व्हिन्सेंट बेकरचा 'डॉग्ज इन द विनयार्ड' हे त्या काळातले. २०१२ मध्ये ती जागा बंद झाली, पण तोवर खेळांचा आकारच बदलला होता.

तो बदल भिडूंच्या टंचाईच्या बाजूने बघा, म्हणजे नीट कळतो. २००९ मध्ये जेसन मॉर्निंगस्टारचा 'फियास्को' आला. तीन ते पाच जण, पंच नाही, आधीची तयारी नाही, दोन-अडीच तासांत गोष्ट संपते. हाव सुटलेली साधी माणसं कशी गोत्यात येतात, हा विषय. मालिका संपवण्यासाठी वर्षभर कोणाला बांधून ठेवायचं नाही, एक संध्याकाळ मागायची. २०१३ मध्ये जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' आला, अख्खा खेळ एका पानात, प्रत्येक पात्राला एकच आकडा. त्याच साच्यावर लोकांनी किती खेळ लिहिले याची गणती नाही. त्याच वर्षी एव्हरी ऑल्डरचा 'द क्वाएट इयर'. पत्त्यांचा एक कॅट, एक कोरा कागद, आणि सगळ्यांनी मिळून एका वस्तीचा नकाशा काढत एक वर्ष जगायचं. बावन्न पत्ते, बावन्न आठवडे. २०१८ मध्ये शॉन टॉमकिनचा 'आयर्नस्वॉर्न'. फुकट पीडीएफ, आणि एकट्याने, दोघातिघांनी किंवा पंचासोबत, तिन्ही प्रकारे खेळता येतो.

यातला प्रत्येक खेळ भिडूंच्या टंचाईतली एकेक अट सोडवतो. पंच नको, तयारी नको, पुढच्या आठवड्याचं वचन नको, नियमांचं जाड पुस्तक नको. शेवटी दुसरा माणूसही नको, पण आला तर जागा आहे.

आता आपल्याकडे

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. खानदेशात काय? रोलप्लेइंग खेळांचा जुना इतिहास मी इथला सांगत नाही. पण विखुरलेली माणसं एकत्र यायचा इतिहास इथे भरपूर आहे, आणि तो याच प्रश्नाला भिडतो.

१९०७ साल घ्या. जळगावात कवींचं संमेलन भरलं. पुण्या-मुंबईत नाही, जळगावात. अध्यक्ष होते डॉक्टर कर्नल कीर्तिकर. तिथे धरणगावचा सतरा वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा आला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्याने कविता म्हटल्या आणि 'बालकवी' हे नाव घेऊन तो बाहेर पडला. धरणगाव ते जळगाव केवढंसं अंतर? पण संमेलन भरलं नसतं तर त्या मुलाला ऐकणारी माणसं एका खोलीत कधी आली असती? लेक जिनिव्हाच्या त्या हॉलचं काम जळगावने साठ वर्षं आधी करून दाखवलंय. एक जागा, एक तारीख, खुलं बोलावणं.

दुसरं, धुळे, १९३२. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेवर बोलायला सुरुवात केली. पहिला रविवार २१ फेब्रुवारी, शेवटचा १९ जून. कॅलेंडर काढून मोजा, बरोबर अठरा रविवार होतात आणि अध्यायही अठरा. एकही रविवार चुकला नाही. साने गुरुजींनी ते सगळं लिहून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्यापर्यंत आलं. आता कुठे ते आणि कुठे आपला खेळ, बरोबरी करायचीच नाही. पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वार ठरलेला होता, आणि शेवट ठरलेला होता. अठरा म्हणजे अठरा. "बघू, जमेल तसं चालू ठेवू" असं नव्हतं. आणि कोणीतरी लिहून घेत होतं.

लिहून घेण्यावरून तिसरं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. जन्मभर गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रं, टिपणं मागे. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि ते सगळं सांभाळलं गेलं. माणूस गेला, दप्तर राहिलं, म्हणून काम राहिलं. आपल्या टेबलांचं नेमकं उलट होतं. पंच पुण्याला गेला की त्याच्या डोक्यातलं जग त्याच्यासोबत गाडीत बसून जातं. मागे काही उरत नाही.

मग जूनमध्ये काय करायचं?

या सगळ्यातून मी माझ्या टेबलापुरतं जे ठरवलंय ते सांगतो. पटलं तर घ्या.

एक. 'रोलप्लेइंग गेम खेळायला या' असं म्हणणं बंद. समोरच्याला काही कळत नाही. चहाच्या टपरीवर एकदा फासे काढले तर शेजारचे काका म्हणाले, "हाऊ कोनता खेय शे भो? जुगार शे का?" मी म्हटलं, "काका, पैसे नाहीत, गोष्ट आहे. आपण सगळे मिळून एक पिक्चर बनवतो." ते दहा मिनिटं उभे राहून ऐकत होते आणि जाताना पुढे काय झालं ते विचारून गेले. बोलावणं असं असावं : शनिवारी पाच वाजता, दोन तास, गोष्टीचा खेळ, येताना काही आणायचं नाही.

दोन. मोठी मोहीम मागायची नाही. आधी एक संध्याकाळ. ती आवडली तर सहा रविवार, त्याला शेवट ठरलेला. सहा झाले की हात जोडून मोकळं, मग पुन्हा विचारायचं. मुलगा किंवा मुलगी जूनमध्ये जाणार असेल तर मेपर्यंत संपणारी गोष्ट निवडायची. म्हणजे जाणाऱ्याला अर्धवट सोडून गेल्यासारखं वाटत नाही आणि राहणाऱ्यालाही.

तीन. खेळ इंग्रजीत असला तरी टेबल मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत, ज्याला जे येतं त्यात. एका पानाचे खेळ यासाठी फार सोयीचे. पंधरा मिनिटांत नियम तोंडी सांगून होतात. 'फियास्को'मध्ये तर प्रत्येक गोष्टीसाठी नात्यांच्या, जागांच्या, वस्तूंच्या याद्या असतात, आणि त्या आपण स्वतः लिहू शकतो. जळगावचा सराफ बाजार, केळीचा ट्रक, भुसावळ जंक्शनची रात्र, भरीत पार्टीत फिसकटलेला व्यवहार. यातलं कोणतं पात्र कसं वागेल हे आपल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. ज्यांना राक्षस आणि एल्फ परके वाटतात, ते या गोष्टीत पहिल्या पाच मिनिटांत बोलायला लागतात.

चार. जागा उघडी आणि सभ्य हवी. कोणाच्या तरी गच्चीवर रात्री नऊला म्हटलं की अर्ध्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही, आणि मग आपण म्हणतो की मुली खेळत नाहीत. दिवसाची वेळ, चार लोक ये-जा करतात अशी जागा. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा आहे. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. तुमच्या गावात जे असेल तिथे रीतसर विचारा. एखादं नाही म्हणेल, आम्हालाही एका ठिकाणी नाही म्हणाले. दुसऱ्याला विचारा.

पाच. जळगाव आणि धुळे हे एकच वर्तुळ धरायचं. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, पण माणसं अजून एकच आहेत. महामार्गाने शंभर किलोमीटरच्या आत अंतर, मधे पारोळा. दर आठवड्याला कोणी येणार नाही, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा येईल. मधल्या वाटेवर भेटता येईल. मधले आठवडे फोनवर खेळता येईल, जसे ते लोक टपालाने खेळायचे. जूनमध्ये पुण्याला गेलेलेही या वर्तुळात राहतात. त्यांचं नाव खोडायचं नाही. आखाजीला, दिवाळीला ते घरी येतातच. तेव्हा त्यांच्यासाठी एक डाव राखून ठेवायचा. पन्नासांचा हिशेब असा चालतो.

सहा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एक वही. जगाचा नकाशा, मेलेली आणि जिवंत पात्रं, अर्धवट राहिलेली भानगड, सगळं त्यात. ती वही पंचाची नाही, टेबलाची. पंच बदलला तरी वही पुढच्याच्या हातात द्यायची. आमच्या वहीत सध्या सत्तर पानं भरलीत. जूनमध्ये जो पंच जाणार आहे, त्याने कालच वही घेऊन त्यातली राहिलेली नावं भरून काढायला सुरुवात केलीय. टेबलावर सगळ्यात लहान जी आहे, जी मागच्या वर्षी लिंबूटिंबू म्हणून बसायची, ती पुढचा डाव चालवणार आहे. तिचं अट्टल म्हणणं आहे की पुढची गोष्ट रावेरच्या केळीच्या बागेत घडली पाहिजे.

दोन भिडू जातील, दोन जागा रिकाम्या होतील. त्या भरायच्या आहेत. तुमच्या गल्लीत, वसतिगृहात, एसटीत शेजारी बसणाऱ्यांत असा कोणी असेल ज्याला गोष्टी सांगायला आवडतात, तर त्याला एका संध्याकाळचं बोलावणं द्या. खेळाचं नाव नंतर सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम.